खोल बर्फाची तयारी

५ जानेवारी १९९८, सोमवार

शीरा आली. पाठीवर सॅक, आणि खांद्याला माणसाएवढी लांब काळी पिशवी! ओट्यावर ठेवली तर पपा म्हणाले, "हे काय गो, मढं आणलंस काय?" मग त्यांनीच जीभ चावली. एझ्राला जाऊन सात महिने झाले. या घरात असलं बोलायचं नाही असं आपोआप ठरलं आहे.

शीरा म्हणजे एझ्राच्या, माझ्या नवऱ्याच्या, मोठ्या बहिणीची मुलगी. इस्राएललाच वाढली. मी फक्त फोटोत बघितलेली. लष्करातली दोन वर्षं संपवून भारत फिरते आहे. आईने शिकवलेलं मराठी बोलते – "मामी, मी आला." पपा – म्हणजे माझे सासरे सॅम्युएल, हिचे आजोबा – हसले. खूप दिवसांनी हसले. मी बघत होते. मला हसू आलं नाही. चहा टाकला.

पिशवीत तीन फळ्या. बर्फावर उभं राहून घसरायच्या.


६ जानेवारी

सगळं समजलं. ही मनालीला चालली आहे, त्याच्यापुढे सोलंग म्हणून जागा आहे तिथे. बरोबर मैत्रीण होती नोआ. ती गोव्यात स्कूटरवरून पडली, मनगट मोडलं, परत गेली. सामान हिच्याकडे ठेवून.

खोल बर्फात एकटीने जायचं नसतं म्हणे. कधीच नाही. दोघी पाहिजेत.

"मामी, तू ये."

हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.


८ जानेवारी

आज फळी निवडली. नोआची एक आखूड, एक लांब. मी आखूड उचलली – माझी उंची पाच फूट, वजन एकोणपन्नास किलो, मला साधं गणित वाटलं. शीरा म्हणाली नाही. आखूड फळी कडक, दाबलेल्या बर्फासाठी. तिथे चटकन वळते. खोल, भुसभुशीत बर्फात ती बुडते. तिथे फळी लांब हवी, आणि नाक रुंद. नाक वर राहिलं पाहिजे, होडीसारखं. शेपूट अरुंद – म्हणजे मागचं बुडतं आणि पुढचं आपोआप उचललं जातं.

तिने पाय अडकवायचे पट्टे सोडवले आणि दोन्ही मागे सरकवून परत आवळले. बोटभर. मी विचारलं कशाला. "नाही केलं तर पूर्ण दिवस मागच्या पायावर जोर. मांडी जळते."

पपा स्क्रूड्रायव्हर घेऊन शेजारी बसले होते. एझ्राचा स्क्रूड्रायव्हर. शेवटचे स्क्रू त्यांनी चांगले आवळले.


९ जानेवारी, शुक्रवार

शब्बाथचे दिवे लावले. शीराने लावले, मी बघितलं.


११ जानेवारी, रविवार

पेणला जाऊन आलो. एस.टी.त फळी वर टपावर टाकली, कंडक्टरने विचारलं इस्त्रीचं टेबल आहे का. हो म्हटलं.

हिरामणची भातगिरणी. हिरामण एझ्राचा शाळेपासूनचा दोस्त. गिरणीमागे तुसाचा डोंगर आहे, या दिवसांत दोन मजले उंच होतो. ही कल्पना पपांची! "बर्फ नाय तर नाय. तूस पण पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो."

हिरामण माझ्याकडे बघेना. नवरा गेल्यानंतर सगळे असंच करतात, कपाळाकडे नाहीतर पायाकडे बघतात. म्हणाला, "वहिनी, काय पाहिजे ते करा. फक्त नाकाला फडकं बांधा."

बांधलं. शिडीने वर चढलो. दोन्ही पाय फळीवर आडवे बांधलेले – डावा पुढे, उजवा मागे. उभी राहिले आणि पडले. उठायला हात टेकला तर हात खांद्यापर्यंत आत गेला. तूस कानात, पोलक्यात, दातांत. शीरा वरून ओरडत होती, "हात नाही! हात नाही!" खोल असेल तिथे हात टेकून उठायचं नाही. दोन्ही हातांची फुली करून ती दाबायची, त्यावर छाती टाकायची, मग फळी खाली आणून उठायचं.

सतरा वेळा पडले. गिरणीतल्या बायका सूप टाकून बघायला आल्या. जनी म्हणून एक आहे, खाडीकडची, साठीची असेल. ती म्हणाली, "अगो बाय, तू पाय दाबतंस! चिखलात पाय दाबला की चिखल धरतो. सरकव त्याला. लोण्यावरनं बोट फिरवतात तसा."

शीराला कळलं नाही, मी समजावलं. तिने जनीला मिठी मारली. "हेच! मी तीन दिवस हेच सांगते!"

अठराव्या वेळेला डोंगराच्या पायापर्यंत उभी आले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसून पट्टे सोडले. काही वाटलं नाही. अंग मात्र रात्रभर खाजलं.


१५ जानेवारी

शिवणकाम. अष्टमी गावातल्या दुकानाचे शिवायला आलेले ब्लाऊज बाजूला ठेवले. सुती काही चालत नाही तिथे – एकदा भिजलं की वाळत नाही, अंगाची ऊब ओढून घेतं. आत लोकर, वर पाणी न पिणारं कापड. रोह्यात लोकर कोण विकणार! पनवेलला नेपाळी बसतात, त्यांच्याकडून दोन स्वेटर आणले. वरची पँट रेनकोटच्या कापडाची बेतली. शीरा म्हणाली बर्फ खालून वर घुसतो, म्हणून पायाशी आतून दुसरा घेर दिला इलॅस्टिकचा, परकराच्या नाडीसारखा. कमरेपासून छातीपर्यंत वर नेली, खांद्याला पट्टे. काम नीट झालं. शिवणीवर मेणबत्ती घासली.

हात चालतात. हातांना काही झालेलं नाही.


१८ जानेवारी, रविवार

परत पेण. आज वळणं.

कडक बर्फावर फळीची कड रुतवून वळतात. खोलात कड रुतवायची नाही, रुतली की पालथी. दोन्ही पाय एकाच वेळी, हळूच, जणू एकच पाय आहे. गुडघे मऊ. अंग मागे झोकायचं नाही, वजन मागे ठेवायचं – यातला फरक आज सहाव्या वेळेला कळला. आणि वेग सोडायचा नाही. मी घाबरून हळू होत होते. "मामी, हळू म्हणजे बुडणार. वेग तुला वर ठेवतो."

आणखी एक. जिथे बघशील तिथे जाशील. झाडाकडे बघायचं नाही, दोन झाडांच्या मधल्या जागेकडे बघायचं.

झाडांचं तिने नीट बसवून सांगितलं. मोठ्या देवदाराच्या बुंध्याभोवती, फांद्यांखाली, बर्फ पोकळ राहतो. वरून दिसत नाही. त्यात डोक्याकडून गेलं की पाय वर, फळी वर, स्वतःला निघता येत नाही. म्हणून मागचीने पुढचीला नजरेआड करायचं नाही. आणि गळ्यात शिट्टी, तोंडाजवळ, हातमोजा घालून पकडता येईल अशी.

शिट्टी पेणच्या बाजारात घेतली. नारिंगी.


२२ जानेवारी

बूट. नोआचा पाय मोठा. जाड मोजा घातला तरी टाच आत वर-खाली होते. शीराने दोन जोड घालू दिलेच नाहीत – पाय आवळला जातो, रक्त थांबतं, बोटं गार पडतात. मोजा एकच, पण बूट माझा झाला पाहिजे. विठू चांभाराकडे नेले. त्याने आयुष्यात असला बूट बघितला नव्हता. उलटा-सुलटा करून विचारलं, "टाच उचलायची नाय, येवढंच ना?" आतून टाचेच्या दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे चिकटवून दिले. घालून बघितले. टाच हलेना.

विठू म्हणाला, "एझ्राशेठची चप्पल पडलीय माझ्याकडे. शिवून ठेवलेली."

राहू दे म्हटलं.


२६ जानेवारी

पपांनी फळीला मेण लावलं. इस्त्रीवर वडी धरायची, थेंब पडतात, मग इस्त्रीने पसरवायचे, गार झालं की खरवडायचं. थंडीप्रमाणे मेण वेगळं, फार थंडीला कडक. घरभर वास. पपा खरवडता खरवडता म्हणाले, "जाऊन ये. मी हाय हितं."

मला वाटलं काहीतरी पुढे बोलतील. ते खरवडत राहिले.


२९ जानेवारी

निघालो.


७ फेब्रुवारी, सोलंग

थंडी. शाई गोठते, पेन्सिलने लिहिते आहे. पाच दिवस खालच्या उतारावर. पडते, उठते.


१९ फेब्रुवारी, गुरुवार, घरी

परत आले. तिथे पुढे काही लिहिलं नाही. आता लिहिते.

दहा तारखेला रात्रभर बर्फ पडला. सकाळी मांडीपर्यंत होता. शीराने मूठभर उचलून फुंकला, तो उडाला – हाच, म्हणाली. तासभर चढलो. वरून सुटले. पहिले पन्नास-साठ फूट मला माहीत होते, हिरामणच्या ढिगाएवढे. त्याच्यापुढे फळीचं नाक वर आलं आणि आवाज बंद झाला. खरंच बंद. पाय कशाला लागत नव्हते. मी वळले, परत वळले. बर्फ छातीपर्यंत उडत होता आणि कुठेच दुखत नव्हतं. मागून शीरा ओरडली – वाहवा केली असेल.

मग देवदार आले. मधल्या जागेकडे बघायचं. मला माहीत होतं. मी झाडाकडे बघितलं.

डोक्याकडून गेले. एकदम अंधार नाही, निळसर. पाय वर अडकलेले, फळी फांदीला. तोंडात बर्फ. एक हात मोकळा होता – छातीजवळ. शिट्टी हनुवटीला लागत होती.

शीरा वळणामागे होती, तिच्या नजरेतून मी निसटले. ती माझ्या बाजूने खाली निघून गेली, तीस-चाळीस फूट. तिचा आवाज ऐकू येत होता. "मामी! शिट्टी! शिट्टी वाजव!" इंग्रजीत, हिब्रूत, परत मराठीत. मी ऐकत होते. बरं वाटत होतं. कोणी काही विचारणार नाही, मला काही सांगावं लागणार नाही, असं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते. पण तसंच होतं.

तिला वर यायला किती वेळ लागला माहीत नाही. पायातली फळी काढली की माणूस कमरेपर्यंत बुडतो. ती स्वतःची फळी पुढे आडवी टाकत, त्यावर रांगत, चढून आली. फांदीतून माझ्या फळीची शेपूट दिसली म्हणून सापडले. आधी तोंडाकडे उकरलं, छोट्या फावड्याने, मग हाताने. बाहेर काढलं तेव्हा तिचा ओठ फुटलेला होता आणि ती रडत होती. लष्करातली मुलगी!

माझ्या गळ्यातली शिट्टी तिने हातात घेतली. फुंकून बघितली. वाजली.

"हात मोकळा होता," ती म्हणाली. "का नाही वाजवलीस?"

तिने माझ्या थोबाडीत मारली. हातमोजा होता, लागली नाही. मग मला धरून बसली, किती तरी वेळ.

त्यानंतर मला फळीवर चढू दिलं नाही. स्वतःही चढली नाही. दिल्लीपर्यंत सोडायला आली. तिला तिथून विमान होतं. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "का नाही वाजवलीस ते मला नको सांगू. आजोबांना सांग. मी त्यांना काही नाही सांगणार. तूच सांग."


२० फेब्रुवारी

पपांनी विचारलं कसा असतो बर्फ. तुसासारखाच, म्हटलं. गार.

त्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. दिवे मी लावले.


२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ओट्यावर आम्ही दोघं वाल सोलत होतो. सांगितलं. झाडाचं, शिट्टीचं. आणि का, ते. गेला त्या दिवशी सकाळी एझ्रा म्हणाला होता, छातीत जड वाटतंय, आज राहू का घरी? मी डबा भरत होते. मी म्हटलं, गॅस असेल, शिफ्ट बुडवू नका. कामावरून येताना तो पुलावर, बसमध्येच गेला.

पपांचे हात थांबले. माझ्याकडे बघितलं नाही.

"मला पण इचारलं व्हतं त्यानं," ते म्हणाले. "दारात. चप्पल घालताना. मी म्हटलं, जा, बस चुकेल."