सूहंगच्या गीताला टीका जोडू नये

चांगचौ शहरातील कालव्याकाठी राहणारी मी, श्ये रुइलान, ग्रंथ छापणारे कैलासवासी फान च्येनशी यांची विधवा, हे स्वहस्ते लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, बुद्धी जागेवर आहे. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मला धाक घालणारे बहुतेक मेले. माझ्यामागे असे व्हावे.

घर, अंगण आणि छापखाना माझी नात वानचू व आमचा घरजावई असलेला तिचा नवरा यांना द्यावा. कुळातल्या वडीलधाऱ्यांची संमती घेतली आहे. उंबऱ्यावरचा काळा डाग कोणी तासून काढू नये. बादशहाविरुद्ध उठलेले लांबकेशे बंडखोर शहरात घुसले तेव्हा दार लावणाऱ्या माझ्या यजमानांना त्यांनी तिथेच भाल्याने भोसकले. आमची मुलगी सूहंग हिच्या नवऱ्याला दारूगोळा वाहायला गळ्यात दोर बांधून नेले. तो परतला नाही.

जुन्या गीतांच्या, छपाईसाठी कोरलेल्या लाकडी फळ्याही वानचूच्याच. ही गीते कित्येक शतकांपूर्वीची. त्यांत मद्य, गाणाऱ्या बायका, रिकामा पलंग. यजमान शिकवत, "वाट पाहणारी बाई म्हणजे प्रजा, निघून गेलेला पुरुष म्हणजे राजा."

मी म्हणे, "अहो, एखाद्या बाईला तरी बाई राहू द्या."

माझे दीर चोंगयू तेव्हा माझ्याच बाजूने हसत.

नवरा गेल्यावर सूहंगने त्यांतल्याच एका जुन्या चालीवर गीत रचले. तू गेलास, पण उशीला तुझ्या तेलाचा वास आहे, असे काहीसे. पुढे बादशाही फौजेने शहर परत घेतले आणि बंडखोरांना मिळालेल्यांची धरपकड सुरू झाली. चोंगयू यांनी बंडखोरांची लेखनिकी केली होती. स्वतःची मान सोडवायला त्यांनी ते गीत कचेरीत नेले.

"सरकार, हा गेलेला पुरुष म्हणजे बंडखोरांचा राजा. अशा गीतांचा अर्थ कसा लावायचा, ते माझ्या भावानंच शिकवलंय."

सूहंग ओरडली, "काका, तो माझा नवरा हो! राजाच्या उशीचा वास मला कुठून कळणार?"

शिपाई हसले. अधिकारी हसला नाही. तिला पुलाजवळ गुडघ्यांवर बसवले. पहिला घाव खांद्यात रुतला, तलवार ओढून काढावी लागली. डोके मी माझ्या अंगरख्यात गुंडाळून घरी आणले. तिच्या चिमुकल्या वानचूला शेजारणीने आत कोंडून ठेवले होते म्हणून तिने ते पाहिले नाही.

नंतर मी चोंगयू यांच्या घरी गेले आणि अक्षरे कोरायच्या छिन्नीने त्यांचा उजवा डोळा फोडला. पश्चात्ताप नाही. ती छिन्नी माझ्या शवपेटीत ठेवावी.

गेल्या वसंतात हे गृहस्थ चहाला आले. म्हणाले, "वहिनी, कुळाच्या संग्रहात सूहंगचं गीत घेऊ या. मी अर्थ उलगडणारी टीका लिहिलीय. गेलेला पुरुष म्हणजे राजधानी सोडून गेलेले बादशहा. पोरगी राजनिष्ठ ठरेल, कुळाचं नाव होईल."

"भाऊजी, एकदा बंडखोर म्हणून मारलीत. आता राजनिष्ठ म्हणून मारता?"

उकळता चहा त्यांच्या मांडीवर गेला. किटली मी धरली होती. त्यांना माझ्या घरातली एकही फळी मिळू नये आणि माझ्या पेटीला त्यांनी खांदा देऊ नये.

त्या चालीचे जुने गीत माझ्या लग्नात वाजले होते; आम्ही पोरी तोंडाला बाही लावून हसलो होतो. आता त्यातली बाई दिवा विझवू लागली की मला पूल दिसतो. मूळ कवीच्या मनात कदाचित एखादी गाणारी बाईच असेल. पण त्याच्यानंतर सूहंग गायली, आणि त्याचे गीत पूर्वीचे राहिले नाही. म्हणून वानचूने छापताना सूहंगचे गीत आधी घ्यावे, जुनी मागून. वाचणाऱ्याला तिच्या दारातूनच जुन्या गीतांकडे जाऊ दे. तिच्या गीताभोवतीचा समास कोरा ठेवावा.

वानचूने परवा विचारले, "आजी, आईच्या मनात नक्की कोण होतं?"

"तुझा बाप."

"मग तसंच छापू?"

"नको गं. घरात आपल्याला माहीत आहे, तेवढं पुरे. बाहेर ज्याचं जे माणूस गेलं असेल, ते त्याला दिसू दे."

वाचून पाहिले, बरोबर आहे.

सही: श्ये रुइलान
साक्षीदार: फान कुळाचे प्रमुख फान तिंगखुई, शेजारीण विधवा छ्यू
स्थळ: चांगचौ
क्वांगशू राजवटीचे आठवे वर्ष, नववा महिना