एका मताचे सहा करार

२ एप्रिल, सकाळी
आजपासून रोजनिशी. उद्याच्या इतिहासकाराला साधनं लागतील.

आमच्या मतदारसंघात तीस वर्षं एकच पक्ष निवडून येतो. पत्रकावरचा फोटो बदलतो, आश्वासनं तीच. मास्तर, म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक आणि माझे एकमेव मित्र, चौथ्यांदा अपक्ष उभे आहेत. काल म्हणाले, आपल्या केंद्रात मला गेल्या वेळी चौदा मतं पडली. या वेळी पंधरा झाली तर पुढेही उभा राहीन, नाहीतर बास. मास्तर थांबले तर संसदेत बसणाऱ्याला प्रश्न विचारणारा या गावात कोणी उरणार नाही. म्हणजे मी आहे, पण मी नोकरीत आहे.

संकल्प: पंधरावं मत मिळवणे. खरं तर पन्नासावं.

३ एप्रिल
ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मतदानाच्या महत्त्वावर चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या नाहीत. तोंडात घास असताना टाळ्या वाजवणं अवघड असतं.

५ एप्रिल, सकाळी ७.१०
दाढी करताना साक्षात्कार. जिथे पावणेदोन लाखांनी निकाल लागतो तिथे माझं एक मत टाकून काय उपयोग? ते न टाकण्यात खरी ताकद आहे. समोरच्या पक्षाच्या माणसाला गाठायचं. तुमचं मत आणि माझं मत एकमेकांना कापतं, मग दोघंही घरीच बसू, असं पटवायचं. असे करार जितके होतील तितकी शत्रूची मतं कमी. आणि आमच्या बाजूने मी एकटाच घरी बसणार.

बायकोला सांगितलं. म्हणाली, एकच खोली चार भाडेकरूंना देण्यातला प्रकार आहे हा. तिला राजकारण कळत नाही.

७ एप्रिल
पहिला करार सलूनवाल्याशी. वस्तरा गळ्याशी असताना मी मुद्दा मांडत होतो. तो म्हणाला, साहेब, सगळं मान्य, फक्त मान हलवू नका. तर्काचा विजय.

११ एप्रिल
शिंपी, मेहुणा आणि वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही आता जेवायला बसणार असाल तर मी कशालाही तयार आहे. बाईंनी आधी माझा रक्तदाब मोजला, मग हो म्हणाल्या. मास्तरांना यातलं काही सांगितलं नाही. नैतिकतेच्या बाबतीत ते जरा जुन्या वळणाचे आहेत.

१४ एप्रिल
पाचवा करार घरमालकांशी, सहावा खुद्द बायकोशी. बायको शांतपणे बरं म्हणाली. वीस वर्षांत प्रथमच.

१८ एप्रिल, मतदानाचा दिवस, दुपारी ३
दिलेला शब्द पाळून घरी बसलो आहे. बायको भाजी आणायला गेली आहे. दोन तास झाले.

४.४५
विचार केला. वैयक्तिक शब्दापेक्षा राष्ट्राचा शब्द मोठा. सहा जण घरी बसलेच आहेत, मग मी जाऊन मत टाकलं तर कोणाला कळणार आहे? पंधरावं मत ते हेच. इस्त्रीचा शर्ट घालून निघतो.

संध्याकाळी ७
घृणास्पद. रांगेत सलूनवाला, शिंपी, मेहुणा, डॉक्टरीणबाई, घरमालक. सर्वांत पुढे बायको, भाजीची पिशवी घेऊन. मेहुणा म्हणाला, दाजी, तुम्ही इकडे कसे?

मी रांगेत न लागता फाटकाजवळच्या पायरीवर चढलो आणि विश्वासघात या विषयावर बोललो. प्राचीन करारांपासून सुरुवात केली. बोलणं इतकं रंगलं की सहा वाजल्याचं कळलं नाही. रांगेतल्यांना चिठ्ठ्या मिळाल्या, फाटक बंद झालं. पहारेकरी म्हणाला, साहेब, तुम्ही रांगेत नव्हतात, पायरीवर होतात. तांत्रिक मुद्दा.

घरी बायकोला जाब विचारला. म्हणाली, मी तर चारही वेळा मास्तरांनाच मत दिलंय, आपल्या पोरीला चित्रकला त्यांनीच शिकवली. मग आधी का बोलली नाहीस? म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही सांगत असता.

२३ एप्रिल
निकाल. सत्ताधारी पक्ष, एक लाख एक्क्याऐंशी हजारांनी. अपेक्षित. केंद्रवार आकडे उद्या. मी निश्चिंत. मत न टाकणारा मी एकटाच नसणार.

२४ एप्रिल, संध्याकाळी
मास्तर आले. हातात कागद. आमच्या केंद्रात चौदा.

म्हणाले, पुन्हा चौदाच. तुझं होतं म्हणून चौदा तरी, नाहीतर तेरा झाली असती. बायकोने चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरात ठेवला. मी म्हणालो, चहा घ्या मास्तर.

त्यांनी ठरवलं आहे, आता उभं राहायचं नाही. पत्रकं रद्दीत न देता मागच्या कोऱ्या बाजूवर पोरांना चित्रं काढायला देणार आहेत. जाताना म्हणाले, मतदारांचा निरोप घेणारं निवेदन तूच लिही. तुझी भाषा जळजळीत आहे.

रात्री ९
पहिलं वाक्य: ‘मतदारांनो, तुमच्यातला फक्त एक जण जरी जास्त आला असता…’

खोडलं.

९.४०
बायकोला विचारलं, तू लिहितेस का.