माल घेणाऱ्याचं नाव

सोमवार, १० नोव्हेंबर
विचारलं त्याने! मितेशने. कळंबोलीच्या ज्या लोखंडी पत्र्याच्या गोदामात तो कामाला आहे तिथून, बिल्ट्या म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या न्यायला आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात रोज येतो, तसाच आला. "रुतिका, रविवारी भेटायचं का? कामाचं नाय, असंच." मी काय केलं — बिल्टीबुकातला कार्बन सरळ करत बसले. "शनिवारपर्यंत सांग," म्हणाला आणि गेला. गाढव आहे मी.

मंगळवार, ११
जेवण जात नाही. फोनवर ट्रकवाल्यांना मी दमात घेते. त्यांच्यातलाच कोणी समोर आला की बोलती बंद. मला पाहायला आले होते त्यातली एक बाई आईला म्हणाली होती, "पोर मुकी हाय का?" दोन वर्षं झाली, अजून टोचतं. मितेशला माझ्यात काय दिसलं असेल? सहज विचारलं असेल. उद्या विसरेलही.

आई करावे गावातल्या सगळ्यांची विचारपूस करते, मग माझी कशी सोडेल. "कोलंबी तशीच ठेवलीस. कोन काय बोललं का?" कोणी नाही म्हटलं.

बुधवार, १२
मितेशला तीनदा मेसेज लिहिला. तीनदा पुसला. कामात अजिबात लक्ष नाही.

गुरुवार, १३
मेले! चाकणहून कुलदीप ड्रायव्हरचा फोन. "मॅडम, गेट पे गाडी रोक दी. ये मितेश कौन है?" काल बिल्टीवर माल घेणाऱ्याच्या रकान्यात चाकणच्या कंपनीऐवजी मी त्याचं नाव लिहिलं होतं. वीस टन पत्रा मितेशच्या नावावर — आणि माल त्याच्या गोदामाचा पण नव्हता!

आमचे मालक रावसाहेब. त्यांनी बिल्टीची प्रत पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. चाकणला फोन लावून म्हणाले, "नवीन मुलगी आहे, चुकलं." पाच वर्षं झाली मला इथे. दुसरी बिल्टी पाठवली. मग मला हळूच, "त्या पोराला कळणार नाही. टेन्शन घेऊ नको."

शुक्रवार, १४
सुटले, तर बरं वाटायला हवं. वाटत नाही. रावसाहेबांनी झाकलं, पण उद्याही मी गप्प राहिले, की तो समजणार नकार आहे. आणि मग आयुष्यभर मीच म्हणत बसणार, त्याला मी आवडलेच नव्हते. माझाच राग येतोय मला.

शनिवार, १५
तो आला तेव्हा ऑफिसात चार माणसं होती. तरी बोलले. "बुधवारी एका बिल्टीवर चुकून तुझं नाव लिहिलं. उद्या भेटू — हे चुकून नाही म्हणत."

कानापर्यंत लाल झाला. मान वर करेना. तोही लाजतो!