पाकिटातला आकडा

प्रिय धाकट्या,

रंधा बाजूला ठेवून हे वाचशील आणि म्हणशील, ताईने फोन का नाही केला. फोनवर मी आधी भांडेन, मग रडेन आणि मुद्द्याचं राहूनच जाईल. डोकं भणभणलंय माझं.

एकशे सदतीस म्हणजे काय, इंच की किलो, असं विचारून तू माझी किती खेचायचास. काहीच नाही रे. प्रकाश आणि अणू यांचं नातं सांगणारा आकडा तो. तुझ्या टेपने मोज नाहीतर कुणाच्या वितीने, तेवढाच येतो. अब्जावधी वर्षांपूर्वीही तो तेवढाच होता का, हे शोधण्यात माझी अकरा वर्षं गेली. फार दुरून, अब्जावधी वर्षं प्रवास करून आलेल्या जुन्या प्रकाशातल्या बारीक रेघा मोजत बसायचं आणि हाताला काही लागायचं नाही. नुसता वैताग.

मोजणाऱ्याने मनासारखं उत्तर ओढून आणू नये म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. बाहेरच्या माणसाने एक गुप्त आकडा निवडायचा, तो आमच्या सगळ्या मोजमापांत मिसळायचा, म्हणजे खरं उत्तर आम्हालाही दिसत नाही, आणि पाकिटात बंद करायचा. काम संपेपर्यंत कुणी विचारायचं नाही. तुझं नाव मीच सुचवलं. सख्खा भाऊ बाहेरचा कसा, हे एवढ्या शिकलेल्या माणसांत कुणाला सुचलं नाही.

आणि गेल्या वर्षी तू तो मला सांगितलास. नाही, मी सांगायला लावलं. तू दोनदा नाही म्हणालास. तिसऱ्यांदा मी तुझ्या स्वयंपाकघरात हमसून रडले, तेव्हा बोललास. घरी येऊन तो वजा केला तर अब्जावधी वर्षांपूर्वीचा एकशे सदतीस आजच्यापेक्षा किंचित वेगळा दिसला. त्यानंतर कामातल्या ज्या चुका मी दुरुस्त केल्या, त्या सगळ्या तो फरक वाढवणाऱ्याच निघाल्या. उलट्या बाजूच्या मला दिसल्याच नाहीत. मुद्दाम नाही रे केलं. पण आता माझाच माझ्यावर विश्वास उरला नाही.

मंगळवारी आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलीने भर बैठकीत नेमकं हेच विचारलं, की सगळ्या दुरुस्त्या एकाच बाजूच्या कशा. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी सांगून टाकलं, की पाकिटातला आकडा भावाच्या तोंडून चुकून निसटला.

सोमवारी आमचे सर तुला फोन करतील. लहानपणापासून माझ्या वाटचा मार तू खात आलास, याही वेळी हो म्हणशील. ते ठाऊक होतं म्हणूनच मी तसं बोलले. खरं सांगायला दोनदा सरांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तेव्हा तू हो म्हणू नकोस. झालं ते सांग, मी रडले तेही सांग.

तुझीच,
ताई