काटा आता खरं बोलतो

देऊळगाव राजा,
रविवार, सकाळी

आदरणीय धम्मरत्नदादांना पंजाबरावचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि अमडापूरच्या मंडपवाल्याचं डोकं, हे तिन्ही एव्हाना ठिकाणावर आले असतील अशी आशा करतो. आम्ही सगळे मजेत आहोत. फोन न करता पत्र लिहितोय याचं कारण एवढंच, की फोनवर तुम्ही मधे मधे प्रश्न विचारता आणि या विषयावर मला सलग बोलायचं आहे.

विषय तुमच्या बाबांच्या पांढऱ्या मोटारीचा. लग्नाच्या दिवशी आजोबांच्याच गाडीतून मंडपात उतरणार, असा चि. मंजुश्रीनं हट्ट धरलाय. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं गाडी आमच्या शेडमध्ये आहे, तेव्हा जबाबदारी माझी. पेट्रोलचा काटा बिघडल्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेल, तर त्यातली निम्मी खोटी समजा. (निम्मी कोणती, ते पुढे येईलच.)

गेल्या मंगळवारी तुमच्या आईंना घेऊन मी दुसरबीडला पत्रिका वाटायला निघालो. काटा पाऊण टाकी दाखवत होता. सिंदखेड राजा ओलांडलं आणि शेजारचा, इंजिनाच्या उष्णतेचा काटा लाल पट्ट्यात गेला. मी शांतपणे गाडी बाजूला घेतली, पाणी घातलं, निघालो. तो पुन्हा लाल. असं चार वेळा. दुसरबीड दोन किलोमीटरवर असताना गाडी आचके देत बंदच पडली. मी आईंना समजावलं, की पेट्रोल पाऊण टाकी आहे, इंजिन तापलंय, निवलं की चालू होईल. (एकतीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलेला माणूस आहे मी, अंदाजानं बोलत नाही.) तासभर आम्ही बाभळीखाली बसलो. आईंनी पिशवीतले शेंगदाणे संपवले आणि दोनदा इंजिनाला हात लावून पाहिला. तेवढ्यात ट्रॅक्टरवाले हरिओम थांबले. त्यांनी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी टाकीत घातली आणि बाहेर काढून माझ्यापुढे धरली. काडी कोरडी होती.

आई उठल्या, लुगडं झटकलं आणि मला म्हणाल्या, "जावईबुवा, इंजिन मघाच थंडं झालं. आता तुमी बसा, मी एस्टीनं जातो." त्या गेल्यासुद्धा. पत्रिका त्यांनी एकटीनं वाटल्या आणि माझ्याआधी घरी पोचल्या. उन्हात त्यांना तसं एकटं जाऊ दिलं याचं मला वाईट वाटलं, हे मी इथे प्रामाणिकपणे नमूद करतो. हेच लग्नाच्या दिवशी नवरीला घेऊन झालं असतं तर, हा विचार हरिओमच्या ट्रॅक्टरवर बसून पेट्रोल आणायला जाताना माझ्या मनात आला आणि बराच वेळ गेला नाही.

म्हणून बुधवारपासून मी कामाला लागलो. निदान माझ्यापुढे स्पष्ट होतं. टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा तो डबीसारखा भाग, अडकला असणार. टाकी उतरवली. फ्लोट ठणठणीत निघाला, तरी तत्त्व म्हणून मी जालन्याहून नवा आणून बसवला. काटा होता तसाच. मग टाकीपर्यंतची वायर बदलली. काटा आणखी वर गेला, याला मी प्रगती समजलो. शुक्रवारी दिवे लावून पाहिले तर दोन्ही काट्यांनी एकदम उडी मारली. बंद केले, दोन्ही खाली. मी रेडिएटर उतरवायला पाना उचलला.

तेव्हा तुमची बहीण जनका चहा घेऊन आली होती. ती कप हातात धरूनच पाहत राहिली आणि म्हणाली, "पेट्रोल अन् गरमी दोन्ही एकाच टायमाले काऊन वाढून राह्यलं? आमच्या दवाखान्यात सगळ्या पेशंटले सारखाच ताप निघाला, तं आमी आधी थर्मामीटर बदलत होतो."

मी पाना खाली ठेवला. (निदान मी त्याच दिशेनं जात होतो, फक्त रेडिएटरमार्गे.) दोन्ही काटे खोटं बोलतात म्हणजे दोष दोघांच्या सामाईक जागेत, हे मी तिला समजावून सांगितलं आणि तिनं ऐकून घेतलं. डॅशबोर्डच्या मागे आडवा होऊन शिरलो. सगळ्या काट्यांची मिळून एकच अर्थिंगची वायर असते. ती बॉडीला जिथे स्क्रूनं आवळतात, तिथे मधे काहीतरी बसलं होतं. ते खरवडलं, लखलखीत पत्रा लागला, स्क्रू आवळला. दिवे लावले. काटे हलले नाहीत. त्या क्षणी मी जनकाकडे पाहिलं, ती हसत होती, आणि तुम्हाला सांगतो दादा, निवृत्त झाल्यापासून मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेव्हा मंजुश्रीला निश्चिंत राहायला सांगा. गाडी आता कुठेही जाईल. आईंना नमस्कार, वहिनींना जयभीम.

आपला,
पंजाबराव

ता. क. : गाडीवर माझा पूर्ण विश्वास आहे. तरी मागून तुमची जीप असू द्यावी. तीत पाच लिटर पेट्रोलचा कॅन आणि एक जाड दोर ठेवावा. फोटोवाल्याला दोर दिसू नये.

ता. क. दुसरा (हे जनका लिहून राह्यली) : दादा, पाकीट चिकटवायच्या आधी मी वाचलं. टाकी रिकामी करून मी लिटर लिटर पेट्रोल टाकून पाह्यलं, काटा बरोबर आहे. स्क्रूखाली "काहीतरी" होतं, तो रंग होता. दिवाळीत यायनंच डॅशबोर्ड खोलून रंगोला. दोर राहू दे. गाडी मी आणतो, बाबानं चालवाले मले शिकोलं होतं, यायले नाही. यायले तुह्या जीपमधी बसव अन् कॅन मांडीवर दे. मंजूले सांग, अकराले दारात तयार उभी राह्य.