होकायंत्र माझ्याकडे वळले त्याची हकिकत

नाशिक, मंगळवार

आदरणीय मल्हारीदादा,

ओझरला तुमच्या उंबऱ्यात आल्यावर करतो तसाच वाकून नमस्कार या कागदावरून करतो आहे, स्वीकारावा. नवी कवळी बसली का? शेंगदाणे चावता येतात का? वहिनींचा खोकला कसा आहे? (तुमची बहीण म्हणते, चौकशी चार ओळींत आटपा, नाहीतर तिचंही भाषण होईल. आटपतो.)

मी हल्ली गुहेत जातो, हे तुमच्या कानावर आले असेलच. हरसूलच्या पुढे वनखात्याच्या जमिनीवर, डोंगराच्या पोटात एक गुहा आहे. तिच्यात रंगीत दिवे लावायचे, खोटा धबधबा सोडायचा आणि दारात तिकीटखिडकी बसवायची, असा एका ठेकेदाराचा प्रस्ताव तिथल्या ग्रामसभेत आला. मी प्रमुख पाहुणा म्हणून हजर होतो (बोलावलेले नव्हते, पण खुर्ची रिकामी होती). दादा, जी जमीन सगळ्यांची आहे ती कोणाचीच नाही असे समजणारा माणूस उद्या चांदण्यालाही कुंपण घालील. मी उठलो आणि पंचेचाळीस मिनिटे बोललो. वनखात्याचे साहेब शेवटी म्हणाले की गुहा मोजून नकाशा द्या, वटवाघळांची नोंद द्या, आत साफसफाई करा, आणि हे सगळे वीस तारखेच्या शनिवारपर्यंत, मग प्रस्ताव बाजूला ठेवतो. त्यावर मी भर सभेत शपथ घेतली की शनिवारी सूर्य मावळेपर्यंत पूर्ण नकाशा दिला नाही, तर उभ्या आयुष्यात पुन्हा माइक हातात धरणार नाही. प्रचंड टाळ्या पडल्या. शपथेच्या पहिल्या भागापेक्षा दुसऱ्या भागाला जास्त पडल्या, पण तो पत्र्याच्या छपराचा परिणाम असावा.

आमच्या स्वयंसेवकांची प्रमुख सायली नावाची मुलगी आहे, भूशास्त्र शिकते, वय चोवीस, आणि तिला वक्तृत्वाचे काडीचे प्रेम नाही. तिने पहिल्याच दिवशी नियम सांगितला, "काका, आत वटवाघळं झोपलेली असतात. आत फक्त आकडे बोलायचे." मी भूगर्भावरचे चार ग्रंथ वाचून गेलो होतो. गुहेने त्यातला एकही वाचलेला नव्हता. मोजणीची रीत अशी, की भिंतीवर एक खूण करायची, तिथून पुढच्या खुणेपर्यंत फीत ताणायची, होकायंत्राने दिशा बघायची आणि आकडे वहीत उतरवायचे. होकायंत्र सायलीकडे, वही तुमच्या बहिणीकडे म्हणजे भाग्यश्रीकडे, आणि फितीचे टोक धरून सायलीच्या खांद्याशी उभे राहणे माझ्याकडे. दोन दिवसांत चाळीस खुणा झाल्या. तिसऱ्या दिवशी नकाशा कागदावर काढला, तर गुहा जिलबीसारखी गरगरत जाऊन नवसाबाईंच्या घराखाली निघालेली. (नवसाबाई आम्हाला दुपारी भाकरी देतात.) त्या नकाशाकडे बघून म्हणाल्या, "माझ्या चुलीतून निघती व्हय तुमची गुहा? मंग तिकडूनच या जेवायला, चढ तरी वाचंल."

सायलीने होकायंत्र तपासले. मी डावीकडे गेलो की काटा डावीकडे, उजवीकडे गेलो की उजवीकडे. मला त्यात विशेष वाटले नाही (सभा माझ्याकडे वळतात, याची मला सवय आहे). पण तिने माझ्या जाकिटाकडे बोट दाखवले. तिथे माझे 'वक्तृत्वभूषण' पदक होते. टाचणीने जाकिटाला भोक पडते म्हणून हल्ली अशा पदकांना मागून लोहचुंबक असतो. "गुहेत पदक लावून कोण येतं, काका?" तिने विचारले. प्रश्न योग्य होता. चाळीसच्या चाळीस खुणा पुन्हा मोजल्या, पदक भाग्यश्रीने पिठाच्या डब्यात ठेवले.

साफसफाईचे काम मात्र मी मनापासून केले. भिंतीवर तेलरंगात 'राज आणि शुभांगी, कायम' असे लिहिलेले होते. नायलॉनचा ब्रश आणि पाणी घेऊन मी ते दीड दिवस घासले. राज गेला, शुभांगी गेली, 'कायम' तेवढे निघेना. त्यावर मला एक सुंदर विचार सुचला, तोच सायली म्हणाली, "ब्रश चालवा काका, विचार नको." वेफर्सच्या पाकिटांची तीन पोती आणि डाव्या पायाची एक चप्पल बाहेर काढली. मग शेवटच्या दालनात वटवाघळे मोजायला बसलो. दोनशे बारा निघाली, मिटलेल्या छत्र्यांसारखी, ओळीने. दिवे मालवले. कुठेतरी थेंब पडत होता. दादा, साठ वर्षांत पहिल्यांदा मी पाच मिनिटे गप्प बसलो, आणि खोटे कशाला सांगू, फार मजा आली. ही गुहा वाचलीच पाहिजे.

वहिनींना नमस्कार. कवळीचे कळवावे.

तुमचा दाजी,
नवनाथ

ता. क. : एक बारीकशी गोष्ट राहिली. गुहेच्या टोकाला एक चिंचोळी बोळकांडी आहे, लांबी अंदाजे अकरा मीटर, रुंदी हातभर. तेवढी मोजल्याशिवाय नकाशा पूर्ण धरत नाहीत. सायलीचे खांदे अडतात. मी कमरेपर्यंत गेलो होतो (पाय धरून मला परत ओढताना नवसाबाईंना घाम फुटला). तुम्ही तीस वर्षे विमानाच्या पंखात शिरून रिव्हेट मारलेत, आणि लग्नातला कोट तुम्हाला आजही सैल होतो. शनिवारी सकाळी पहिल्या गाडीने जुने कपडे घालून निघा. माझा आवाज आता तुमच्या बरगड्यांवर अवलंबून आहे.

ता. क. दुसरा, भाग्यश्रीकडून : दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. गुहेची काळजी करू नकोस. सायलीने साहेबांकडून दहा दिवस वाढवून घेतलेत. सगळ्या गावाला माहीत आहे, फक्त यांना कोणी सांगितलेलं नाही. शपथेची तारीख आहे तीच आहे. तेव्हा तू ये, नक्की ये, वहिनीलाही आण. रविवारी ये.