शेजारच्या सीटचा ब्रेक

६ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कसं, म्हणून बुचकळ्यात पडला असशील. फोनवर बोलले तर अप्पांना शेजारच्या खोलीत सगळं ऐकू जातं. टीव्ही मात्र त्यांना ऐकू येत नाही.

बातमी अशी, की मला दवाखान्याने गाडी दिली. घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि बाळं तपासायची, त्यासाठी. गाडी लीजवर घेतलेली आहे, तीन वर्षांनी कंपनीला जशीच्या तशी परत द्यायची. मोठ्या नर्सबाईंनी सांगून ठेवलंय, की मेअखेरपर्यंत मी एकटीने गाडी न्यायला लागले तर ठीक, नाहीतर हे काम दुसरीला जाणार आणि मी दवाखान्यात बसून रजिस्टर भरायचं. दादा, मला हे काम फार आवडतं. सहा दिवसांचं बाळ वजनकाट्यावर ठेवलं की सगळी बोटं पसरून बघत राहतं. ते सोडून मला रजिस्टरं नकोत.

अडचण तुला ठाऊक आहे. लायसन्स आहे, तेही अप्पांच्या हाताखाली शिकून मिळवलेलं. पण पंधरा वर्षांपूर्वी चढावर गाडी मागे घरंगळली आणि कुणाच्या तरी फाटकावर आदळली, तेव्हापासून मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. सध्या अप्पा शेजारी बसतात. त्यांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, त्या गाडीत शेजारच्या सीटलाही ब्रेक असायचा. त्यांच्या पायाला त्याची इतकी सवय, की इथे ब्रेक नसताना ते चटईवर पाय आपटतात. ते आपटतात, मी दचकते, गाडी बंद पडते आणि मागचे लोक हॉर्न वाजवून आमचा उद्धार करतात. महिन्याभरात चटईला टाचेएवढं टक्कल पडलंय.

म्हणून विचारते, त्या बाजूला खरा ब्रेक बसवता येईल का? तो असला तर मला धीर येईल. अट एवढीच, की करारानुसार गाडीला भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, काही चिकटवायचं नाही. ते पान सोबत जोडलंय.

वहिनीला नमस्कार सांग. लोभ आहेच, तो वाढव आणि जमलं तर पार्सलने पाठव.

तुझी,
धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कराराचं पान चारदा. तुझी वहिनी म्हणाली, की लग्नाआधी तिने पाठवलेली पत्रंसुद्धा मी इतकी मन लावून वाचली नव्हती. तिला काय सांगू, त्यात भोक न पाडायची अट नव्हती.

गंमत बघ, भोक न पाडता धरून ठेवणं हाच आमचा धंदा. लेथवर कातायचा तुकडा, म्हणजे जॉब, पकडीत असा धरावा लागतो, की तो तसूभर हलता कामा नये आणि सुटला की त्यावर ओरखडाही दिसता कामा नये. त्यामुळे कालपासून डोक्यात तुझीच गाडी फिरतेय. आता मला सांग, सीट ज्या रुळांवर पुढेमागे सरकते ते किती रुंद आहेत? पुढच्या टोकाला बोट जाईल एवढी फट आहे का? चटई उचलली की खाली पत्रा सपाट आहे की उंचसखल? टेप लावून मापं कळवू नकोस. लहानपणी तू भिंतीवर माझी उंची मोजलीस आणि मला आईपेक्षा बुटका ठरवलंस, ते मी विसरलेलो नाही. पुठ्ठा घे, तिथे बसेल असा कापत जा आणि तो साचाच पाठव.

एक गोष्ट लक्षात ठेव. वस्तू आली की बसवायची तूच. अप्पांना वाकायला लावू नकोस, त्यांच्या गुडघ्यांचं निमित्त सांग.

तब्येतीला जप. माया आहेच, ती साच्यात मावत नाही.

तुझा,
दादा

२० मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. पेडल इतकं देखणं झालंय, की अप्पांनी आधी ते टेबलावर ठेवून सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. तुझ्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की काळी पेटी उघडायची नाही आणि तारेचं टोक चटईखालून मधल्या खाचेत सरकवायचं. मी बसवायला घेतलं, पण अप्पा कुठे ऐकतात? गुडघ्यांचं निमित्त सांगितलं, तर म्हणाले की गुडघे त्यांचे आहेत, ते बघून घेतील. मला चहा करायला पिटाळलं आणि स्वतः अर्धा तास सीटखाली डोकं घालून पडून राहिले. चहा गार झाला तेव्हा बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, की थोरल्याचं काम चोख आहे.

आणि दादा, जादू झाली. अप्पांचा पाय आता आपटत नाही, नुसता अलगद दाबला जातो. मी गुपचूप मोजत होते. पहिल्या दिवशी एकतीस वेळा, गेल्या सोमवारी चार वेळा. एक नवीनच सवय मात्र लागलीय. त्यांचा हात सारखा दोन सीटांच्या मधे हँडब्रेकपाशी असतो. आधारासाठी असेल, वयच झालं आता.

मंगळवारी दवाखान्यासमोरच्या चढावर, अगदी माथ्यावर, एक सायकलवाला आडवा आला. गाडी जागच्या जागी थांबली, मागे इंचभरही सरकली नाही. मी अप्पांना म्हटलं, की बरं झालं तुम्ही दाबलात. ते चष्मा पुसत एवढंच म्हणाले, की थांबली ना, मग झालं.

आता मला कसलीच भीती वाटत नाही. पुढच्या आठवड्यात हायवेपलीकडच्या वस्तीत जायचं म्हणते. अप्पांच्या पायाखाली ब्रेक असताना घाबरायचं कशाला? पण एक कोडं सुटत नाही. भोक न पाडता ती तार माझ्या ब्रेकपर्यंत पोचली कशी? सवडीने समजावून सांग.

लोभ असावा, आणि त्याची तारही अशीच न दिसता पोचत राहावी.

तुझी,
धाकटी

२५ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडताच हायवेचा बेत रहित कर आणि मग पुढचं वाच.

तार तुझ्या ब्रेकपर्यंत पोचलेलीच नाही. ती खाचेत जाऊन संपते. काळ्या पेटीत एक जाड स्प्रिंग आहे, बाकी काही नाही. भोक न पाडता पेडल बसवता आलं, पण ते ब्रेकला जोडणं काही केल्या जमेना. आणि खरं सांगायचं तर जमलं असतं तरी मी जोडलं नसतं. घरगुती तार ऐन वेळी तुझ्या पायाशी अडकली तर काय घ्या? मग वाटलं, अप्पांच्या पायाला दाबायला काहीतरी मिळालं तर तो आपटायचा थांबेल आणि तू दचकायची थांबशील. तेवढ्यासाठी तुम्हा दोघांना फसवलं. अप्पांनी स्वतः बसवलं हे वाचून मला घामच फुटला. पण त्यांना काही कळलेलं दिसत नाही, नजर अधू झाली असावी.

फसवणूक गल्लीपुरती चालेल असं समजलो होतो. त्या ब्रेकच्या भरवशावर तू हायवेवर निघशील हे माझ्या ध्यानात आलं नाही. चूक माझी, शंभर वेळा माझी. चढावर गाडी थांबवलीस ती तू, आणि कुणीही नाही. अप्पांना सांगायचं की नाही ते तू ठरव. त्यांच्या मनाला लागेल याचीच मला धास्ती आहे.

रागव, पण पत्र पाठव.

दादा

२ एप्रिल

दादास,
सा. न.

मायना आखडता घेतलाय, कारण राग गेलेला नाही. तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस गाडीकडे फिरकले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. अप्पांनी काही विचारलं नाही, तेही मला विचित्रच वाटतंय. मोठ्या बाईंनी निरोप धाडलाय, की सोमवारी वस्तीतल्या जुळ्यांना बघायला मी जाणार आहे की दुसरीला पाठवायचं.

रागापेक्षाही एका प्रश्नाने डोकं खाल्लंय. चढावर गाडी मीच थांबवली असेन, तर मला ते कळलं कसं नाही?

आज तुझं पत्र अप्पांसमोर ठेवणार आहे. होईल ते होवो.

लोभ आहे, पण सध्या न्यूट्रलमध्ये.

धाकटी

६ एप्रिल

चि. थोरल्यास,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

धाकटीने तुझं पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं आणि शाळेत मार्क कमी पडल्यासारखी मान घालून उभी राहिली. मी तिला म्हटलं, की सीटखाली अर्धा तास मी झोपायला गेलो नव्हतो. तुझी तार खाचेत संपते हे मला पहिल्या पाच मिनिटांत दिसलं. उरलेली पंचवीस मिनिटं हसू ओसरायची वाट बघत पडून होतो. नजर अधू झाली असं लिहिलंयस, ते तुझ्याजवळच ठेव.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी स्कूल बंद होईपर्यंत मी कुणाला कळू दिली नाही. शिकवणीच्या शेवटच्या आठवड्यात मी माझ्या बाजूच्या ब्रेकची तार काढून ठेवायचो. शिकणाऱ्याला वाटायचं, मास्तरांच्या पायाखाली ब्रेक आहे. प्रत्यक्षात माझा भरवसा हँडब्रेकवर, म्हणून हात कायम तिथे. एकदा ती तार तुला लोंबताना दिसली आणि तू शहाणपणा करून ती परत ब्रेकला घट्ट बांधून ठेवलीस. त्या दिवशी माझा पाय सवयीने पडला आणि शिकायला आलेल्या एका हेडमास्तरांची गाडी भर चौकात थांबली. त्यांनी पुढचा महिनाभर स्वतःलाच दोष दिला. तुझ्या पेटीत नुसती स्प्रिंग बघितली तेव्हा वाटलं, हे पोराला कुणी न शिकवता आलं. तरी हायवेबद्दल तू घाबरलास ते बरोबरच. ती निघाली असती तर आधी मीच सांगणार होतो.

चढावर मी पेडल दाबलं नाही आणि हँडब्रेकलाही बोट लावलं नाही. आपल्याला कळलं कसं नाही, असं धाकटीने मलाही विचारलं. मी म्हटलं, आपण ब्रेक दाबला हे कळेनासं होतं, तेव्हाच माणूस गाडी शिकलेला असतो.

पेडल मी काल उतरवलं. रुळावर ओरखडा नाही, कंपनीवाल्यांनी भिंग घेऊन यावं. चटईच्या टकलाला मात्र माझ्याकडे उपाय नाही. पेडल सध्या माझ्या टेबलावर आहे, कागदांवर वजन म्हणून.

सूनबाईला आशीर्वाद. तुम्हा दोघा भावंडांची माया अशीच राहो, पेटी उघडून बघितली तरी चालेल अशी.

तुझे,
अप्पा

ता. क. पत्र बंद करायचं राहिलं होतं, म्हणून लिहितो. आज सोमवार. सकाळी धाकटी एकटीच जुळ्यांकडे निघाली. मी दारातल्या पायरीवर उभा होतो. गाडी गल्लीच्या वळणापाशी पोचली आणि माझा पाय पायरीवर दाबला गेला. गाडी थांबली. तिने दोन्हीकडे पाहिलं आणि मग ती गेली.